उलितानं नवऱ्याला खुडूक बसवलं

उलिता दुकानात आली आणि तिनं व्होडकाची अर्धी बाटली मागितली, तेव्हा रांगेतल्या सगळ्या बायका एकदम गप्प झाल्या. कारण ह्याच उलितानं ऐन थंडीत, ह्याच फळीवर मूठ आपटून मला सांगितलं होतं, "फाइना, माझ्या नवऱ्याच्या, सावेलीच्या नावानं एक थेंब जरी ह्या दुकानातून बाहेर गेला, तर तुझ्या खिडक्यांना एक काच ठेवणार नाही." बोलली म्हणजे करणार, ही उलिता. आणि तसल्या थंडीत काचा कुठून आणायच्या हो? मी कानाला खडा लावला होता. आता त्याचा दोस्त गुरी स्वतःच्या नावानं बाटली नेऊन सावेलीला पाजायचा, त्याला मी काय करणार!

"कुणासाठी गं?" मी विचारलं.

"खुडूक बसवायला."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. खुडूक बसवायला दारू लागते, हे आमच्याकडे नवीन नाही. वसंतात एकही कोंबडी खुडूक झाली नाही, म्हणजे पिल्लं उबवायला बसली नाही, की टर्कीचा नर धरायचा, दारूत बुडवलेला पाव त्याच्या घशात सारायचा, आणि तो झिंगून पडला की डालग्याखाली घालून त्याच्या पोटाशी पिल्लं सोडायची. शुद्धीवर आला की त्याला वाटतं, ही आपलीच. मग तो असा काही आई होतो, की कुत्र्यालाही जवळ फिरकू देत नाही. उलिताची आजी दक्षिणेकडून इकडे आली, तिनंच ही विद्या आमच्या गावात आणली.

"पण तुझ्याकडे टर्की कुठाय?" रांगेतून कुणीतरी म्हणालं.

"टर्की नाही," उलिता म्हणाली, "पण बसून खाणारा एक आहे घरात."

बाटली शालीखाली घातली आणि गेली. मी दुकानाला कडी घालून तिच्या मागोमाग निघाले. रांग ओरडत राहिली. ओरडू दे. असली गोष्ट चुकवणारी मी नाही, आणि उलिताचं घर माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून आहे.

उलिताचं सांगायचं तर गावात तिच्यासारखी हट्टी बाई दुसरी नाही. आमच्याकडे जूनमध्येसुद्धा एखाद्या सकाळी बटाट्याच्या वाफ्यांवर बर्फ दिसतो. अशा ठिकाणी कोंबडीची पिल्लं जगवायची म्हणजे नाकी नऊ येतात, आणि बदकांचं तर कुणी नावच काढत नाही. उलितानं ती दोन्ही वाढवली. लग्न होऊन घर मांडलं त्याच वर्षी तिनं बदकांची पिल्लं आणली, तेव्हा सगळा गाव हसला. पहिल्या वर्षीची सगळी मेली. दुसऱ्या वर्षी पुन्हा आणली, तीही मेली. तिसऱ्या वर्षी ती गायीगुरांच्या गोठ्यात कामाला जायची, ती पिल्लं जाकिटाच्या आत, छातीशी घेऊन. दूध काढताना तिच्या छातीतून चिवचिव यायची आणि गायी मान वळवून बघायच्या. त्या वर्षी बदकं जगली. शरद ऋतूत तिनं भाजलेलं बदक सगळ्यात जास्त हसणाऱ्या बाईच्या दारात नेऊन ठेवलं. ती बाई म्हणजे मी. बदक झकास होतं.

तेव्हापासून तिची रीत ठरलेली. चिखल थोडा आळला की तालुक्याहून अंडी उबवायच्या केंद्राचा ट्रक येतो, खोक्यांना भोकं पाडलेली, आत एक दिवसाची पिल्लं. उलिताचं खोकं सरळ चुलीवर जायचं. आमच्या चुली म्हणजे अर्धी खोली व्यापणारं विटांचं बांधकाम. वरचा कट्टा असा ऐसपैस, की माणूस पाय पसरून झोपतो आणि सकाळपर्यंत ऊब टिकते. वसंतात तो कट्टा पिल्लांचा. उलिता आणि सावेली खाली बाकावर झोपायचे आणि कुडकुडत एकमेकांना शिव्या घालायचे. सावेली म्हणायचा, "ह्या घरात माझ्यापेक्षा कोंबडीला मान जास्त." आणि उलिता म्हणायची, "कोंबडी अंडं देते. तू काय देतोस?"

सावेली जंगलतोडीच्या टोळीत होता. त्याच्यासारखा झाड पाडणारा त्या नदीकाठी नव्हता. ट्रॅक्टर यायच्या आधी ओंडके घोड्यांनी ओढायचे, तेव्हा घोडीसुद्धा त्याचंच ऐकायची. जीभ टाळूला लावून "टक्क टक्क" केलं, की कितीही अडलेली घोडी पाय उचलायची. ह्या हिवाळ्याच्या तोंडाला एक मोठा ओंडका उतारावरून सुटला आणि त्याच्या पायावरून गेला. गुरी त्याच्या शेजारीच होता. त्यानंच त्याला घोंगडीत गुंडाळून तालुक्याला नेलं. तिथं डॉक्टरांनी डावा पाय गुडघ्याखाली कापला. जीव वाचला, हेच खूप.

घरी आणलं तसा सावेली हातांनी स्वतःला ओढत चुलीच्या कट्ट्यावर चढला, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, "आता इथून मी चौघांच्या खांद्यावरच उतरणार."

उलिता खाली उभी होती. ती म्हणाली, "चौघं आणू कुठून? ह्या गावात धड खांदे असलेली माणसं आहेत का? तुझं तूच उतरायचंस."

पण तो उतरला नाही. सगळा हिवाळा उतरला नाही. उलिता बादली वर द्यायची, बादली खाली घ्यायची, जेवण वर द्यायची. शहरातून लाकडी पाय आला, वरच्या बाजूला कातडी कप, पट्टे, सगळं नीट. सावेलीनं तो एकदा पाहिला आणि कट्ट्याच्या टोकाला ढकलून दिला. गुरी रोज यायचा. त्याला वाटायचं, ओंडका आपणच नीट बांधायला हवा होता, म्हणून तो मित्राला दारू पाजायचा. पुरुषांना दुःख झालं की दुसरं काही सुचतच नाही का, देव जाणे. उलितानं त्याला दोनदा झाडूनं हाकललं. मग तो खिडकीतून बाटली द्यायला लागला.

त्या हिवाळ्यात उलितानं छपराच्या फळ्या एकटीनं बदलल्या. लाकडं फोडली. डुक्कर कापलं, गुरीला फक्त पाय धरायला बोलावलं. पण अंगणाच्या कुंपणाची नदीकडची एक फळी शरद ऋतूपासून खिळा निघून लोंबत होती, तिला तिनं हात लावला नाही. मला राहवेना. म्हटलं, "अगं, छपरावर चढतेस, मग ती फळी ठोक ना. माझी मांजर सारखी त्यातून येते-जाते."

"ती सावेलीची आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कुंपण त्याचं काम. तो ठोकेल."

"आणि नाही ठोकली तर?"

"फाइना, तुझ्या मांजरीला सांग, जरा दम धर." तिनं घमेलं उचललं आणि गेली. मी मनात म्हटलं, हिचं डोकं फिरलंय. नवरा कट्ट्यावर कुजतोय आणि ही त्याच्यासाठी फळी राखून ठेवते.

मे आला, ट्रक आला. उलितानं एक खोकं कोंबडीच्या पिल्लांचं घेतलं, एक बदकांच्या पिल्लांचं. घरी आणून कट्ट्याच्या पायरीवर उभी राहिली. "सरक."

"मरायला तरी एक जागा माझी राहू दे," सावेली भिंतीकडे बघत म्हणाला.

उलितानं त्या वेळी ऐकलं. दोन्ही खोकी खाली, चुलीशेजारी बाकावर ठेवली. पण खालची ऊब ती काय ऊब! दार उघडलं की वारा सरळ खोक्यात. त्यात हवा फिरली, पुन्हा बर्फ पडला. पिल्लांना थंडी वाजली की ती एकमेकांच्या अंगावर चढतात, आणि खालची गुदमरतात. सकाळी मी दूध न्यायला गेले, तर उलिता बाकाशी गुडघ्यावर बसली होती. खोक्यात हात घालून एकेक पिल्लू उचलत होती, फुंकर घालत होती, आणि न हलणारं ॲप्रनमध्ये ठेवत होती. ॲप्रन बराच भरला होता.

सावेली वरून बघत होता. आमची नजरानजर झाली तसं त्यानं तोंड फिरवलं.

"बघितलंस ना?" उलिता त्याला म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच मला जास्त भीतीदायक वाटलं. "बघून ठेव."

मग ती ॲप्रन घेऊन बाहेर गेली, पिल्लं पुरली, हात धुतले, शाल घेतली आणि माझ्या दुकानात आली. तिथून तुम्हाला माहीतच आहे.

मी पोहोचले तेव्हा सावेली कट्ट्यावर उठून बसला होता आणि बाटलीकडे बघत होता. बायको स्वतःच्या हातानं पेला भरून देते आहे, हे त्याच्या डोक्यातच शिरत नव्हतं.

"ह्यात विष घातलंस का?"

"विष कशाला वाया घालवू? पी."

तो प्यायला. पुन्हा भरला, पुन्हा प्यायला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं, तो म्हणाला, "उलिता, तू चांगली आहेस गं." आणि कलंडला, घोरायला लागला. दुपारही झाली नव्हती.

उलितानं खोकी वर घेतली. सावेलीचं मेंढीच्या कातड्याचं पांघरूण उचललं आणि एकेक पिल्लू त्याच्या काखेत, पोटाशी, मानेजवळ ठेवलं. पिवळी, तपकिरी, काळी. आधी ती थरथरत होती. मग ऊब लागली तसा त्यांचा आवाज बदलला. उपाशी-गारठलेल्या पिल्लांची किंकाळी निराळी, आणि पोटाशी घेतलेल्यांची कुजबुज निराळी. ज्यानं पिल्लं वाढवलीत त्याला हे सांगावं लागत नाही.

"कूस बदलली तर चिरडतील," मी म्हटलं.

"बदलणार नाही." उलिता पायरीवर बसली, एक हात पांघरुणात घालून. सावेली जरा हलला, की ती हातानं त्याला थोपवायची. दुपारभर ती तशीच बसून होती. जेवली नाही, गायीला पाणी मी पाजलं. दुकान? दुकान बंद होतं, काय बिघडलं?

ऊन कलायला लागलं तेव्हा घोरणं थांबलं.  मग वरून एक घाबरा आवाज आला, "उलिता. माझ्या अंगावर काहीतरी आहे."

"पिल्लं आहेत. हलू नकोस."

"काढ!"

"तूच काढ. माझी गाय वाट बघते आहे." आणि ती उठली, बादली घेतली आणि खरंच निघाली. मला मात्र दंडाला धरून दाराशी उभं केलं आणि हळूच म्हणाली, "फेकायला लागला तर ओरड."

मी दाराशी उभी. सावेली उताणा, लाकडासारखा ताठ. दाढीत एक पिल्लू चोच मारत होतं. त्यानं हात उचलला. मला वाटलं, आता फेकतो. पण त्यानं पांघरुणाची एक कड उचलली, आत पाहिलं आणि पुन्हा अलगद सोडली.

"फाइना," तो छताकडे बघत म्हणाला, "तू आहेस ना तिथं?"

"आहे."

"एक काखेत घुसलंय गं. गुदगुल्या होतायत. हसलो तर मरेल का ते?"

त्या दिवशी मी घरी येऊन इतकी हसले, की पोट दुखलं. आणि मग का कोण जाणे, बसून रडले.

गावभर झालं. बायका दुकानात यायच्या त्या पावासाठी कमी आणि सावेली खुडूक कसा बसलाय ते ऐकायला जास्त. "अंडं दिलं का?" "पिसं फुटली का?" उलिताच्या तोंडावरसुद्धा विचारायच्या. ती म्हणायची, "तुमचे नवरे तर बांग द्यायच्याही लायकीचे नाहीत." 

सावेली शिव्या द्यायचा. पिल्लांनी पांघरूण घाण केलं म्हणून, बदकांनी पाण्याच्या ताटलीत नाचून सगळं ओलं केलं म्हणून. पण शिव्या देता देताच एके दिवशी म्हणाला, "ही बदकं वेगळी कर. ही नालायकं भिजवतात आणि कोंबडीची पोरं गारठतात." उलिता म्हणाली, "मला वेळ नाही." मग त्यानं स्वतःच एक फळकुट मागून कट्ट्याचे दोन भाग केले. ताटलीत नदीतले गोटे भरले, म्हणजे बदकाला चोच बुडवता येईल, पण अंग नाही. उकडलेलं अंडं बारीक चिरून त्यात भिजवलेली बाजरी मिसळायला लागला. पिल्लं गोळा झाली की समजायचं थंडी वाजते, चोची उघडून लांब पांगली की समजायचं जास्त तापलं. दिवसभर तेच बघत पडून राहायचा. लाकडी पाय कट्ट्याच्या टोकाला पडला होता, त्यावर कोंबडीची पिल्लं ओळीनं बसायची. कातडी कपात एक लंगडं काळं पिल्लू रोज झोपायचं.

आणि बदकं! त्यांना त्यानं जीभ टाळूला लावून "टक्क टक्क" करून बोलवायची सवय लावली. घोड्यांना बोलवायचा तशी. तो टकटकला, की ती सगळी धावत त्याच्या छातीवर. माझ्याकडे बघून नाक वर करायची.

एकदा मी दूध न्यायला गेले, तेव्हा गुरी आला. नेहमीसारखी बाटली जाकिटात.

"हळू बोल," सावेली म्हणाला, "आत्ताच झोपलीत."

"कोण?"

"ही."

गुरीनं पेला पुढं केला. सावेलीनं त्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे चांगलं बघितलं, घसा हलला त्याचा. मग म्हणाला, "नको रे. झोपेत कूस बदलली तर?"

 उलितानं ऐकलं होतं. ती बादली उचलून गोठ्यात गेली. मी मागून गेले, तर ती गायीच्या कुशीला डोकं टेकून ढसाढसा रडत होती. मला पाहून म्हणाली, "काय बघतेस? दूध काढतेय." बादली कोरडी होती.

पण खाली तो उतरत नव्हता. पिल्लांना पिसं फुटायला लागली, उलितानं ती दिवसा अंगणात सोडायला सुरुवात केली. सावेली कट्ट्यावरून खिडकीतून बघायचा आणि ओरडायचा. "त्या पांढरीला बघ, ढगाळलंय, आत घे!" "बदकांना पाण्याशी नेऊ नकोस हं! आई नाही त्यांना. आई असती तर तिच्या अंगाचं तेल लागलं असतं. ही नुसता कापूस आहेत, भिजली की बुडतील!" उलिता ऐकू न आल्यासारखी भांडी घासायची. एकदा मीच म्हटलं, "एवढी काळजी आहे तर ये ना खाली." त्यानं खिडकीतून तोंड आत घेतलं आणि दिवसभर दिसला नाही. उलितानं मला असं काही झापलं, की मी आठवडाभर तिच्याकडून दूध घेतलं नाही.

जून लागला. सकाळी छान ऊन होतं. उलिता बटाट्यात होती, मी माझ्या अंगणात कपडे वाळत घालत होते. दुपारच्या सुमाराला उत्तरेकडून वारा सुटला, ऊन गेलं, आणि पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागले. उलिता पिल्लं आत घ्यायला धावली. कोंबडीची होती. बदकं नव्हती.

कुंपणाची ती फळी वाऱ्यानं बाजूला झाली होती.

आम्ही दोघी नदीवर धावलो. बदकं पाण्यात होती, सगळी. काठापासून फार लांब नाही, पण हात पोहोचेल इतकी जवळही नाही. सुरुवातीला त्यांना मजा वाटली असणार. आता ती खाली गेली होती. बदक पाण्यावर जसं टेकून तरंगतं तशी नव्हती, मानेपर्यंत आत होती, आणि पिसं चिंध्यांसारखी. उलिता "उती, उती, उती" करून ओरडली. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. तिनं जीभ टाळूला लावून टकटक केलं. दोघातिघांनी माना वळवल्या, मग पुन्हा फिरवल्या. तो आवाज त्यांचा नव्हता. उलिता गुडघ्यापर्यंत पाण्यात शिरली, तर बदकं घाबरून आणखी आत गेली.

एक बुडालं. आमच्या डोळ्यांदेखत. नुसतं दिसेनासं झालं.

उलिता उलट फिरली आणि घराकडे धावली. मी मागे. चिखलानं भरलेले बूट तसेच घरात. चुलीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बदकं नदीत आहेत. माझ्याकडे येत नाहीत. उतर."

सावेलीचा चेहरा पांढरा पडला. "गुरीला बोलाव."

"गुरी त्यांची आई आहे का? उतर!"

"उलिता, मला... सगळा गाव बाहेर असेल."

"असेल. एक बुडालं."

तिनं विनवण्या केल्या नाहीत. हात पुढं केला नाही.  सावेलीनं एकदा तिच्याकडे बघितलं, मग लाकडी पाय ओढला. कपात ते लंगडं काळं पिल्लू झोपलं होतं. त्यानं ते काढून कानटोपीत ठेवलं आणि पट्टे बांधायला लागला. चुकीचे बांधत होता. मला बघवेना, मी पुढं झाले, तर उलितानं माझा दंड असा आवळला की निळा पडला. "हात लावू नकोस."

तो उतरला. पायरीवरून घसरला, खाली आपटला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा तो बाकाला धरून उभा होता, कपाळाला रक्त, आणि दाराकडे निघाला होता.

गल्लीत खरंच सगळा गाव होता. आरडाओरडा ऐकून लोक फाटकांशी आले होते. शरद ऋतूपासून कुणी त्याला पाहिलं नव्हतं. दाढी वाढलेली, सदऱ्यावर पिल्लांची घाण, चिखलात लाकडी पाय रुतायचा, तो दोन्ही हातांनी मांडी धरून उपसायचा. कुणी हसलं नाही. गुरी धावत आला आणि खांदा पुढं केला. मला वाटलं, सावेली ढकलून देणार. त्यानं खांदा घेतला. म्हणाला, "धर, पण बोलू नकोस. त्यांना तुझा आवाज चालत नाही."

काठाशी पोहोचला तेव्हा त्याला धाप लागली होती. पहिल्यांदा जीभ चिकटेचना, नुसती वाफ बाहेर आली. मग आला तो आवाज. टक्क. टक्क टक्क.

सगळ्या माना एकदम वळल्या. आणि ती निघाली. पोहत म्हणता येणार नाही, पाण्यातून स्वतःला ओढत. सावेली पुढं झाला, लाकडी पाय गाळात रुतला, आणि तो बसलाच पाण्यात, कमरेपर्यंत. बदकं त्याच्या अंगावर चढली, सदऱ्यात शिरली, गळ्याशी लोंबली. एक मागे राहिलं होतं, चोचच तेवढी वर दिसत होती. त्याच्यासाठी तो आडवा झाला, हात लांबवला आणि ते ओढून घेतलं.

"माझी पोरं," तो म्हणत होता, "मूर्खांनो, माझी पोरं." बर्फ त्याच्या डोक्यावर पडत होता आणि तो रडत होता, सगळ्यांसमोर. उलितानं पाण्यात जाऊन त्याच्या डोक्यावर शाल टाकली.

घरी आणलं. बदकं गारठून आडवी व्हायला लागली होती. सावेली चुलीपाशी आला आणि एकेक काढून कट्ट्यावर ठेवायला लागला. आपलं पांघरूण पसरलं, त्यावर ती, त्यावर दुमडून दुसरी कड. कोंबडीची पिल्लंही वर घेतली. कट्टा भरला. त्यानं काठावर हात फिरवून पाहिलं, जागा नव्हती. तो खाली बाकावर बसला, लाकडी पाय पुढं पसरून. कपड्यांतून पाणी गळत होतं. उलितानं त्याला कोरडा सदरा दिला, गरम चहा दिला, आणि समोर उभी राहिली.

"एक गेलं," तो म्हणाला.

"हो."

"त्या फळीतून गेली ना?"

"हो." उलिताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती पुसत नव्हती. त्या बुडालेल्या पिल्लाचं ओझं तिच्यावरही होतं, मला दिसत होतं. आतल्या आत जळत असणार बिचारी.

सावेलीनं चहा संपवला. चुलीवर कान दिला. वर हळूहळू कुजबुज सुरू झाली होती. मग त्यानं विचारलं, "हातोडा कुठाय?"

"जिथं तू ठेवला होतास तिथं."

तो दाराच्या वरच्या फळीवर चाचपडला. हातोडा तिथंच होता, खिळ्यांच्या डब्याशेजारी, वर धूळ. छपर बदलताना उलितानं माझ्याकडून हातोडा मागून नेला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, हिच्या घरात हातोडा नाही की काय.

बाहेर अजून बर्फमिश्रित पाऊस पडतच होता. सावेलीनं कुंपणाला धरून फळी लावली, दोन खिळे वाकडे गेले, तिसरा बसला. फळी तिरकी झाली, खालून मांजर सहज जाईल एवढी फट राहिली. मी ते बोलून दाखवणारच होते, तर उलितानं माझ्या पायावर जोरात पाय दिला.